स्थिर दिवा आणि हलती दृष्टी

छायाचित्र खरे केव्हा म्हणावे, या प्रश्नाची चर्चा बहुधा चित्र काढून झाल्यानंतर त्यात केलेल्या फेरफारांभोवतीच फिरत राहते. परंतु ज्या चित्रात नंतर काहीही बदललेले नाही, जे शटरच्या एकाच उघडझापीत कॅमेऱ्याच्या आतच पूर्ण झाले आहे आणि तरीही ज्यात मानवी डोळ्याला कधीही न दिसलेले असे काही उमटले आहे, त्या चित्रापुढे ही चर्चा अपुरी पडते. झूम भिंगाने घेतलेली एका विशिष्ट प्रकारची चित्रे या वर्गात मोडतात. झूम भिंग म्हणजे ज्याचे नाभीय अंतर, अर्थात दृश्य किती मोठे उमटेल हे ठरवणारे माप, कडे फिरवून बदलता येते असे भिंग. आणि शटर उघडे असतानाच ते कडे फिरवले, तर स्थिर असलेला प्रत्येक दिवा चित्राच्या मध्यापासून कडेकडे जाणारी एक सरळ रेषा ओढतो. दिवा हललेला नसतो, कॅमेराही तिवईवर अचल असतो, तरी चित्रात किरणांचा स्फोट दिसतो. या रेषा खऱ्या की खोट्या, हा प्रश्न वरवर तांत्रिक वाटला तरी भारतीय दर्शनांनी ज्ञान आणि भ्रम यांच्याविषयी जे शतकानुशतके विचारले, त्याच्याशी तो थेट जोडलेला आहे.

मुंबईच्या गोरेगाव उपनगरात हा प्रश्न विचारण्याला विशेष औचित्य आहे. पश्चिमेला १९४३ मध्ये स्थापन झालेला फिल्मिस्तान स्टुडिओ आणि पूर्वेला आरेच्या वनराईला लागून १९७७ मध्ये राज्य शासनाने उभारलेली चित्रनगरी, या दोहोंमुळे या उपनगराचा प्रतिमानिर्मितीशी संबंध जुना आहे. चित्रनगरीला २००१ मध्ये दादासाहेब फाळके यांचे नाव देण्यात आले, आणि कॅमेऱ्यातच घडवलेल्या चमत्काराचा मराठी इतिहास फाळक्यांपासूनच सुरू होतो. चित्रपट काढण्यापूर्वी त्यांनी वाटाण्याचे रोप उगवताना एकेक चौकट टिपून ‘अंकुराची वाढ’ हा लघुपट तयार केला होता. पुढे १९१५ मध्ये त्याच एकेक चौकट टिपण्याच्या पद्धतीने त्यांनी ‘आगकाड्यांची मौज’मध्ये निर्जीव काड्यांना चालतेबोलते केले. या दोन उदाहरणांची जोडी तत्त्वज्ञानाच्या अभ्यासकाने मनात धरून ठेवावी इतकी मोलाची आहे. तंत्र एकच असताना एका ठिकाणी ते डोळ्याला न दिसणारे पण खरोखर घडलेले वाढणे प्रकट करते आणि दुसऱ्या ठिकाणी मुळीच न घडलेली हालचाल घडल्याचे भासवते. त्यामुळे चित्राचा खरेपणा तंत्रात शोधणे व्यर्थ आहे, एवढे तरी फाळक्यांच्या या दोन प्रयोगांतून निश्चित होते.

आता रेषांचे यंत्रशास्त्र पाहणे आवश्यक आहे, कारण ते नीट न समजता केलेले दार्शनिक विवेचन हवेत राहते. रात्रीच्या वेळी पश्चिम द्रुतगती महामार्गावरचे दिवे, किंवा २०२२ पासून त्या मार्गावर धावू लागलेल्या उन्नत मेट्रोच्या खांबांवरचे दिवे टिपायचे आहेत असे समजावे. आयएसओ, म्हणजे सेन्सरची प्रकाशग्राहकता, १०० वर ठेवावी. ॲपर्चर, म्हणजे भिंगातून प्रकाश आत येण्याचे छिद्र, एफ/११ किंवा एफ/१६ इतके बारीक करावे. शटर सुमारे एक सेकंद उघडे ठेवावे आणि तेवढ्या अवधीत २४ ते ७० मिलिमीटर नाभीय अंतराच्या भिंगाचे कडे एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत सलग फिरवावे. सत्तरला चोवीसने भागले असता सुमारे २.९ हे गुणोत्तर येते, आणि चित्रातला प्रत्येक बिंदू मध्यबिंदूपासूनच्या आपल्या मूळ अंतराच्या तितक्या पट अंतरावर पोहोचतो. पूर्ण चौकटीच्या, म्हणजे ३६ गुणिले २४ मिलिमीटरच्या सेन्सरवर मध्यापासून ५ मिलिमीटरवर असलेला दिवा साडेचौदा मिलिमीटरच्या थोडा पुढे पोहोचतो. १० मिलिमीटरवरचा दिवा चौकटीबाहेर निघून जातो. आणि बरोबर मध्यावर असलेला दिवा जागचा हलत नाही, तो केवळ आपल्याच जागी मोठा होतो. दिव्याची प्रतिमा बाहेर सरकताना मोठीही होत असल्यामुळे रेषा कडेकडे रुंदावत जाते. आधी काही क्षण कडे न फिरवता थांबले, तर दिव्याची सुस्पष्ट प्रतिमा आणि तिच्यातून बाहेर निघालेली शेपटी अशी दोन्ही मिळतात. दिवाळीतल्या आकाशकंदिलांची चित्रे याच युक्तीने घेता येतात: कंदिलाचा आकारही ओळखू येतो आणि त्याच्या प्रकाशाचे पसरणेही.

या रेषेचा दार्शनिक पूर्वज भारतीय ग्रंथांत फार पूर्वीपासून उपस्थित आहे. पेटलेले कोलीत वेगाने फिरवले की अंधारात अग्नीचे अखंड कडे दिसते. या दृश्याला अलातचक्र म्हणतात, आणि गौडपादाचार्यांच्या मांडूक्यकारिकेतील चौथ्या प्रकरणाला त्यावरूनच अलातशान्ति असे नाव आहे. त्या प्रकरणातील युक्तिवाद असा, की कोलीत हलत असताना जे सरळ किंवा वाकडे आभास दिसतात ते बाहेरून येऊन कोलितावर बसत नाहीत, कोलीत थांबल्यावर ते दुसरीकडे निघून जात नाहीत आणि परत कोलितात शिरतही नाहीत. अर्थात त्यांना स्वतःचे असे अस्तित्व नाही. जाणणारा आणि जाणले जाणारे हा भेदही तसाच विज्ञानाच्या, म्हणजे शुद्ध जाणिवेच्या, स्पंदनाचा आभास होय, असे गौडपादांचे प्रतिपादन आहे. हा युक्तिवाद ज्याने एकदा समजून घेतला त्याला झूमच्या रेषांचे चित्र पाहताना तो आठवल्यावाचून राहत नाही. परंतु येथेच दोन महत्त्वाचे भेद ध्यानात घ्यावे लागतात.

पहिला भेद असा, की कोलितात हालचाल दृश्याची असते, तर झूमच्या चित्रात दृश्य आणि द्रष्ट्याचे स्थान ही दोन्ही अचल असून हालचाल केवळ पाहण्याच्या साधनात असते. बौद्ध नैयायिक धर्मकीर्ती यांनी न्यायबिंदूत प्रत्यक्षाची व्याख्या करताना भ्रमाची जी कारणे सांगितली, ती या ठिकाणी कमालीची उपयोगी पडतात. तिमिर, म्हणजे डोळ्याचा विकार. आशुभ्रमण, म्हणजे वस्तूचे वेगाने फिरणे. नौयान, म्हणजे होडीतून जाणे. आणि संक्षोभ, म्हणजे शरीरातील वातादी दोषांचा प्रकोप, यांच्यामुळे ज्यात विपर्यास उत्पन्न झालेला नाही असेच निर्विकल्प ज्ञान प्रत्यक्ष ठरते, असे ते म्हणतात. त्यांचे टीकाकार धर्मोत्तर यांनी या चारींची वाटणी इंद्रियात, विषयात, बाह्य आधारात आणि देहाच्या आत अशी केली आहे. होडीचे उदाहरण ज्ञानेश्वरीच्या चौथ्या अध्यायातही कर्म आणि अकर्म यांच्या विवेचनात आले आहे: नावेत बसलेल्याला काठावरची झाडे धावताना दिसतात, पण झाडे जागच्या जागीच असतात. लोकलच्या दारात उभ्या असलेल्या गोरेगावकराला राममंदिर स्थानकाचे फलाट मागे पळताना दिसते, ते नौयानच होय. झूमची रेषा मात्र या चारींपैकी कोणत्याच खान्यात नीट बसत नाही. ती इंद्रियगत बदलातून उद्भवते, म्हणून तिला तिमिराच्या जवळ ठेवावे लागेल. परंतु तिमिर हा दोष आहे आणि कडे फिरवणे हा जाणीवपूर्वक केलेला व्यापार आहे. साधनात बदल झाला म्हणजे ज्ञान दूषित झालेच, असे गृहीत धरण्याला आधार काय, हा प्रश्न धर्मकीर्तींच्या यादीपुढे उभा राहतो, आणि तो टाळता येण्यासारखा नाही.

दुसरा भेद काळाचा आहे आणि तो अधिक सखोल आहे. डोळ्याला कोलिताचे कडे दिसते ते दृष्टीचा ठसा क्षणभर टिकून राहतो म्हणून. पुढच्या क्षणी तो पुसला जातो. कॅमेऱ्याचा सेन्सर काहीच पुसत नाही. शटर उघडे असेपर्यंत तो जे येईल ते साठवत जातो. यातून एक विलक्षण गोष्ट घडते. २४ कडून ७० कडे समान गतीने फिरवलेले कडे आणि ७० कडून २४ कडे तशाच गतीने फिरवलेले कडे, यांतून स्थिर दिव्यांचे मिळणारे चित्र एकच असते. म्हणजे चित्रात सर्व क्षण आहेत, पण त्यांचा क्रम नाही. योगसूत्रांच्या विभूतिपादात क्षण आणि त्यांचा क्रम यांविषयी जे सूत्र आहे, त्यावरील व्यासभाष्यात असे म्हटले आहे, की दोन क्षण कधीच एकत्र असत नाहीत, आणि मुहूर्त, दिवस, रात्र हे जे आपण म्हणतो ते बुद्धीने केलेले क्षणांचे समाहार, म्हणजे एकत्रीकरण, आहेत; त्यांना वस्तुरूप अस्तित्व नाही. झूमचे चित्र या भाष्याला एक अनपेक्षित उत्तर देते. येथे समाहार बुद्धीने केलेला नाही. तो प्रकाशाने एका पृष्ठावर प्रत्यक्ष केलेला आहे, आणि बुद्धीने पुरवायचा राहिला आहे तो फक्त क्रम. चित्र पाहणारा रेषेला “बाहेर फाकणारी” म्हणतो तेव्हा ती दिशा त्याची स्वतःची असते, चित्राची नसते. भ्रम कोठे शिरतो, ते यातून नेमके दिसते: तो रेषेत शिरत नाही, रेषेच्या वाचनात शिरतो. न्यायदर्शनाने भ्रमाला अन्यथाख्याती, म्हणजे एक वस्तू दुसऱ्या रूपाने जाणणे, असे म्हटले, त्याचे तात्पर्यही येथे पुरेपूर लागू पडते.

याच कारणाने कॅमेऱ्यातच घडलेली रेषा आणि संगणकावर नंतर काढलेली तशीच दिसणारी रेषा यांच्यातील भेद केवळ शुद्धतेच्या आग्रहाचा नाही. संगणक एका क्षणाच्या पूर्ण झालेल्या चित्रावरून हिशेब करतो. त्या चित्रात महामार्गावरचा प्रखर दिवा आणि शेजारची पांढरी पाटी ही दोन्ही सेन्सरच्या कमाल मर्यादेला टेकून सारखीच पांढरी झालेली असतील, तर संगणकाला त्यांतील फरक कळण्याचा मार्गच उरत नाही, आणि ताणलेली रेषा दोहोंची सारखीच फिकट होते. कॅमेऱ्यात मात्र दिवा आपल्या खऱ्या तेजाने प्रत्येक क्षणी नवा ठसा उमटवत जातो; म्हणून त्याची रेषा कडेपर्यंत धगधगीत राहते आणि पाटीची विझत जाते. त्याच अवधीत मेट्रोची गाडी पुढे गेली, तर तिची गती आणि कड्याची गती मिळून तिच्या खिडक्यांच्या रेषा मध्याकडे न वळता तिरप्या किंवा वक्र होतात, आणि एका क्षणाच्या चित्रावरून हे कोणताही हिशेब काढू शकत नाही. न्यायाच्या भाषेत सांगायचे तर प्रत्यक्षाला अवश्य असलेला सन्निकर्ष, म्हणजे इंद्रिय आणि वस्तू यांचा थेट संबंध, पहिल्या रेषेत आरंभापासून शेवटपर्यंत टिकून असतो, तर दुसरी रेषा हे एका जुन्या सन्निकर्षावरून केलेले अनुमान असते. अनुमान खोटेच असते असे नाही, पण त्याला प्रत्यक्ष म्हणता येत नाही.

या चित्रांविषयी बोलताना एक मोह हमखास होतो, आणि त्याचा समाचार घेणे भाग आहे. सर्व रेषा ज्या एका बिंदूतून निघाल्यासारख्या दिसतात तो अचल मध्यबिंदू म्हणजे आत्मा आणि सभोवार फाकलेला पसारा म्हणजे संसार, असे रूपक सहज सुचते आणि ऐकायलाही गोड वाटते. परंतु मध्यावर असलेल्या दिव्यात स्थैर्याचा कोणताही विशेष गुण नसतो. कॅमेरा वितभर वळवला की तोच दिवा रेषा होऊन पसरतो आणि कालपर्यंत पसरलेला शेजारचा खांब अचल होतो. स्थैर्य दृश्यातील कोणत्याही वस्तूचे नाही. ते भिंगाच्या अक्षाचे, म्हणजे पाहण्याच्या रेषेचे आहे. ही गोष्ट ज्याने ओळखली त्याने रूपकापेक्षा अधिक काही मिळवले, कारण वेदान्त ज्याला कूटस्थ म्हणतो तो साक्षी दृश्यातील कोणतीही वस्तू नसतो, हाच त्या सिद्धान्ताचा गाभा आहे. विद्यारण्यांनी पंचदशीच्या नाटकदीप प्रकरणात नृत्यशाळेतील दिव्याचे उदाहरण दिले आहे: तो यजमानाला, सभेला आणि नर्तकीला सारखेच उजळतो, आणि ती सारी निघून गेल्यावरही उजळतच राहतो. साक्षी रंगमंचाच्या मध्यभागी उभा असतो असे विद्यारण्य कोठेही म्हणत नाहीत.

दर्शनाचा, म्हणजे भक्ताने देवाला आणि देवाने भक्ताला पाहण्याचा, विषयही येथे येतो, कारण हिंदी चित्रपटाने झूमचा उपयोग त्यासाठीही केला. १९७५ च्या ‘जय संतोषी माँ’मध्ये कॅमेरा भक्त स्त्रीच्या चेहऱ्याकडे आणि मग देवीच्या मूर्तीकडे झूम करत जवळ जातो, आणि दृष्टीची ही देवाणघेवाण प्रेक्षकाला अंगावर येते. त्या चित्रपटाला लाभलेल्या अफाट प्रतिसादात या तंत्राचा वाटा नव्हता असे म्हणणे कठीण आहे. परंतु झूम म्हणजे जवळ जाणे नव्हे. पाहणारा चालत पुढे गेला की जवळच्या आणि दूरच्या वस्तूंच्या आकारांचे परस्परप्रमाण बदलते, बाजूचे खांब मागे पडतात, झाकलेले उघडे होते. झूममध्ये यांतले काहीच होत नाही, उभे राहण्याची जागा तीच राहते आणि सर्व दृश्य सारख्याच प्रमाणात मोठे होते. हिचकॉकच्या १९५८ च्या ‘व्हर्टिगो’मध्ये कॅमेरा एका दिशेला सरकवून झूम उलट दिशेला केल्यावर जिना खाली ताणला जात असल्यासारखा भासतो, तो या दोन क्रियांमधला भेद एकाच वेळी दिसल्यामुळेच. पंढरपुरात मुखदर्शनाची आणि पदस्पर्शदर्शनाची अशा दोन वेगळ्या रांगा असतात. दुरून मुख पाहून परतणारा आणि तासन्‌तास उभे राहून पायांवर डोके टेकवणारा, दोघांनाही विठ्ठल भेटला असे वारकरी मानतो, पण त्या दोन भेटी एकच आहेत असे तो मानत नाही. झूमने दिलेले सान्निध्य पहिल्या प्रकारचे आहे. ते उत्कंठा वाढवते, अंतर कमी करत नाही. आणि शटर उघडे ठेवून काढलेल्या रेषांचे चित्र या बाबतीत चलच्चित्रातल्या झूमपेक्षा अधिक प्रामाणिक आहे, कारण पाहणारा जागचा हललेला नाही याची साक्ष त्यातील प्रत्येक स्थिर दिव्याची रेषा देते.

उरतो तो मूळ प्रश्न. अलातचक्राच्या दृष्टान्ताने ही रेषा आभास ठरते आणि आभास म्हणून तिचा निरास होतो. परंतु मराठी परंपरेत आभासाकडे पाहण्याची दुसरीही एक दृष्टी आहे, आणि या चित्रांना तीच अधिक न्याय देते. ज्ञानेश्वरांनी अमृतानुभवाच्या सातव्या प्रकरणात अज्ञानाचे खंडन केले आणि चांगदेवपासष्टीत द्रष्टा, दृश्य व दर्शन ही त्रिपुटी एकाच वस्तूचा विस्तार असल्याचे सांगितले; सोने दागिना झाल्याने त्याच्या सोनेपणात उणे येत नाही, त्याप्रमाणे जग दिसल्याने चैतन्यावर पडदा पडत नाही, ते चैतन्याचेच प्रकटणे होय, असा या विचाराचा आशय आहे. त्याला चिद्विलास, म्हणजे चैतन्याची क्रीडा, असे म्हणण्याची प्रथा आहे, आणि तो मायावादाहून वेगळा आहे की नाही यावर मराठी अभ्यासकांत दीर्घकाळ वाद झालेला आहे. छायाचित्राने त्या वादाचा निकाल लागणार नाही. ज्ञानेश्वर चैतन्याविषयी बोलत आहेत, सेन्सरविषयी नव्हे, आणि दृष्टान्त सिद्धान्ताची जागा घेऊ शकत नाही. तरीही एवढे म्हणता येते, की झूमच्या रेषेत दिव्याच्या प्रकाशाखेरीज दुसरे काहीच नाही. कोणत्याही अज्ञानाने तो झाकलेला नाही, बाहेरून काही आणून त्यावर चढवलेले नाही. पाहण्याच्या साधनाला गती मिळाली तेव्हा तोच प्रकाश त्या गतीच्या आकाराने मांडला गेला. तिला दोरीवरचा साप म्हणणे चुकीचे आहे, कारण दोरीचे ज्ञान झाल्यावर साप उरत नाही, पण दिव्याचे पूर्ण ज्ञान असलेल्या छायाचित्रकाराच्या चित्रातही रेषा उरते, आणि ती उरते म्हणूनच तो ते चित्र काढतो.

तेव्हा या चित्रांवर असत्याचा आरोप टिकत नाही. मात्र त्यांच्या वाचनात चूक होण्याचा संभव कायम राहतो, आणि ती टाळण्याची जबाबदारी चित्र काढणाऱ्यावरच येते. उपनगरातील प्रदर्शनांत आणि स्पर्धांत अशी चित्रे पुष्कळदा नुसत्या काव्यमय शीर्षकाखाली टांगली जातात आणि पाहणारा ती संगणकाची करामत समजून पुढे जातो. प्रत्येक चित्राखाली शटर किती वेळ उघडे होते, नाभीय अंतर कोठपासून कोठपर्यंत फिरवले आणि नंतर काही बदल केला असल्यास कोणता, एवढी एक ओळ आयोजकांनी सक्तीची करावी.